उत्तर आले नाही, याचा अर्थ काय लावायचा? विखुरलेली टीम, विश्वास आणि वाटून घेतलेले नेतृत्व

काठावरचा

गेली दोन वर्षे मी अकरा जणांच्या एका टीमचे काम पाहतो आहे. आमच्यापैकी सहा जण एकाच मजल्यावर बसतात आणि मी त्यांच्यातलाच एक आहे. तिघे जण दुसऱ्या देशातल्या कार्यालयात एकत्र बसतात, तर उरलेले दोघे आपापल्या घरून, आमच्यापासून आणि एकमेकांपासूनही दूर राहून काम करतात. सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक आहे. काम सॉफ्टवेअरचे असले तरी माझी अडचण सॉफ्टवेअरची नाही, त्यामुळे तांत्रिक तपशील टाळून जे घडले तेवढेच सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी माहितीच्या देवाणघेवाणीचा साचा बदलावा, असे आमच्या मनात आले. आम्ही सहा जणांनी त्यावर दोन दिवस येता-जाता चर्चा केली आणि बुधवारी संध्याकाळी मी ग्रुपवर चार परिच्छेदांचे टिपण टाकले. शेवटची ओळ होती, ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे.’ गुरुवारी कोणी काही लिहिले नाही, शुक्रवारीही नाही. सोमवारी आम्ही काम सुरू केले. नंतर त्या तिघांनी आपला भाग पूर्ण करून पाठवला, तेव्हा तो जुन्याच साच्यावर बेतलेला निघाला आणि त्यांचे नऊ दिवसांचे काम वाया गेले.

मागाहून चौकशी केल्यावर जे कळले त्यामुळे मी अधिकच गोंधळलो. तिघांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्यापैकी एकाने त्याच आठवड्यातल्या कॉलमध्ये ‘यात जुन्या नोंदींचे काय होणार ते पाहावे लागेल’ असे सांगितले होते. त्यांच्या दृष्टीने तीच हरकत होती आणि तिचे उत्तर येईपर्यंत जुन्या साच्यावर काम चालू ठेवणे त्यांना स्वाभाविक वाटले. आमच्या खोलीत ते वाक्य कॉल संपता संपता उठून जाताना कानावर पडलेला एक शेरा म्हणून विरून गेले होते. घरून काम करणाऱ्या दोघांपैकी एकाने टिपण पाहिलेच नव्हते, कारण त्यावर इतर संदेशांचा थर चढला होता. दुसऱ्या सहकारी बाईंनी ते वाचले होते, पण ‘सगळे ठरवूनच लिहिलेले दिसते आहे, आता मी काय सांगणार’ असे वाटून त्या गप्प राहिल्या.

भांडण झाले नाही. झाले असते तर कदाचित बरे झाले असते. त्याऐवजी भाषा बदलली. पूर्वी ‘अरे, हे बघशील का?’ असे लिहिणारा माणूस आता ‘आपल्या दिनांक अमुकच्या संदेशास अनुसरून’ अशी सुरुवात करतो आणि प्रत्येक संदेशाची प्रत वरिष्ठांना जाते.

यावर मी दोन उपाय केले. रोज अर्ध्या तासाची व्हिडिओ मीटिंग सुरू केली, कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह धरला. आणि यापुढे नेतृत्व एकट्या माझे नसून सर्वांचे आहे, ज्याला जे योग्य वाटेल त्याने तो निर्णय घ्यावा, असे जाहीर केले. मीटिंगमध्ये आमचे सहा जण बोलतात, ते तिघे म्यूटवर असतात, आणि निर्णयाची वेळ आली की सगळीकडून एकच उत्तर येते, ‘तुम्ही म्हणाल तसे.’

माझे प्रश्न असे आहेत. मुळात विश्वास उडाला म्हणून संवाद आटला, की संवाद बिघडला म्हणून विश्वास उडाला? आणि नेतृत्व वाटून द्यायचे म्हणजे प्रत्यक्षात नेमके काय वाटून द्यायचे?

जुनी शाई

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच हकिकतीत आहे, असे मला वाटते. तुमच्या टिपणावर चार प्रकारचे मौन होते. तुमच्या खोलीतले मौन म्हणजे संमती होती, त्या तिघांचे मौन म्हणजे ‘आम्ही हरकत सांगितली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहोत’ असे होते, एकाचे मौन म्हणजे निरोप पोहोचलाच नव्हता, आणि चौथे मौन म्हणजे ‘मला विचारताहेत ते केवळ उपचार म्हणून’ असे होते. तुम्ही या चारही मौनांचा एकच अर्थ लावला, कारण ‘मौन म्हणजे संमती’ हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. समोरासमोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते बरेचसे खपून जाते, कारण त्याची भुवई वर गेलेली दिसते.

कॅथरिन क्रॅम्टन या अभ्यासिकेने दूरस्थ विद्यार्थ्यांच्या १३ गटांचा पत्रव्यवहार तपासून २००१ साली नेमके हेच मांडले. दूर असलेल्या गटांमध्ये सर्वांना समान माहिती आहे असे सर्वजण गृहीत धरतात, प्रत्यक्षात ती समान नसते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यांनी अडचणींचे पाच प्रकार सांगितले आहेत. सहकाऱ्याची परिस्थिती ठाऊक नसणे किंवा ठाऊक असूनही ध्यानात न राहणे, माहिती सगळ्यांना सारखी न मिळणे, एकाच मजकुरातला वेगवेगळा भाग प्रत्येकाला महत्त्वाचा वाटणे, माहिती पोहोचण्याचा वेग वेगवेगळा असणे, आणि मौनाचा अर्थ लावता न येणे. तुमच्या त्या एका आठवड्यात हे पाचही प्रकार घडले आहेत.

त्या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. गैरसमज झाला की माणसे त्याचे खापर परिस्थितीवर फोडत नाहीत, दूरच्या माणसाच्या स्वभावावर फोडतात. शेजारच्या टेबलावरच्याला उशीर झाला तर तो आज अडकलेला दिसतो, आणि दुसऱ्या कार्यालयातल्याला उशीर झाला तर ‘ती माणसे तशीच आहेत’ असे आपण म्हणतो. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी, आणि तिथे आपण आपल्या कल्पनेतली सृष्टी भरून टाकतो. म्हणून तुमच्याकडे आधी संवाद बिघडला, मग विश्वास गेला, असा क्रम मी लावीन. आता मात्र ते चक्र झाले आहे, कारण वरिष्ठांना प्रत गेलेला संदेश मोकळेपणाने वाचता येत नाही.

हे केवळ छोट्या टीममध्ये घडते असेही नाही. मंगळाकडे पाठवलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. यान बांधणाऱ्या कंपनीची टीम कोलोरॅडोत होती आणि मार्गनिर्देशन करणारी टीम कॅलिफोर्नियात. एका बाजूच्या संगणक-प्रणालीने जोराचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले, आणि ही ४.४५ पटींची तफावत महिनोन्‌महिने साचत गेली. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे यान अंदाजे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले. एककांची ही चूक बहुतेकांनी ऐकलेली असते. पण चौकशी अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे ती फारशी कोणी सांगत नाही. मार्गनिर्देशन करणाऱ्यांना आकडे जुळत नसल्याची शंका आधीच आली होती, तिच्याविषयी ईमेलही गेले होते, पण अडचण नोंदवण्याचा जो ठरलेला मार्ग होता त्या मार्गाने ती गेली नाही. ‘जुन्या नोंदींचे काय होणार ते पाहावे लागेल’ हे तुमच्या सहकाऱ्याचे वाक्य त्याच जातीचे आहे. शंका बोलली गेली, पण तिला जागा मिळाली नाही.

आता तुमच्या टीमच्या रचनेविषयी. सहा, तीन, एक आणि एक ही मांडणीच मुळात कठीण आहे. जेफ्री पोल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्या टीममध्ये प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी असतो तिथे होणाऱ्या संघर्षापेक्षा, दोन ठिकाणी दोन घोळके बसलेल्या टीममधला संघर्ष अधिक असतो आणि विश्वास कमी असतो. ऐकायला उलटे वाटते, पण विचार केला तर पटते. सगळेच एकटे असले तर सगळ्यांनाच लिहावे लागते. दोन घोळके झाले की प्रत्येक घोळक्याला आपापली खोली मिळते, आणि खोली मिळाली की ‘आपण’ आणि ‘ते’ सुरू होते. तुमच्या संदेशात ‘आमचे सहा जण’ आणि ‘ते तिघे’ किती वेळा आले आहे ते एकदा मोजून पाहा. टोमणा मारत नाही, आम्हीही तसेच बोलायचो.

एकच सूचना करतो. मीटिंगमध्ये एक जण जरी दूर असला तरी तुम्ही सहाही जणांनी आपापल्या टेबलावरून, आपापल्या हेडफोनवर बसून सहभागी व्हावे. एका खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसलेले सहा जण आणि पडद्यावरच्या चौकटींतले पाच जण यांच्यात बरोबरीची चर्चा होऊ शकत नाही. खोलीतले एकमेकांकडे पाहून हसतात, आणि त्या हसण्याचे कारण पडद्यापलीकडे पोहोचत नाही.

टिकटिक

विश्वासाच्या चर्चेत घड्याळ विसरले जाते, म्हणून थोडक्यात दोन गोष्टी मांडतो.

पहिली अशी की रोजच्या त्या मीटिंगची वेळ कोणाला सोयीची आहे ते तुम्ही लिहिले नाही, यावरून ती तुम्हाला सोयीची असावी असा माझा अंदाज आहे. साडेनऊ तासांच्या फरकात सर्वांना सोयीची वेळ सापडत नाही, त्यामुळे गैरसोय तरी फिरती ठेवावी. आम्ही दर सहा आठवड्यांनी वेळ बदलतो आणि सर्वांत वाईट पाळी कोणाची आली ते कॅलेंडरमध्ये सर्वांना दिसते. शिवाय अमेरिकेत उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळे एक तास पुढे करणे, मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागू होते आणि युरोपात शेवटच्या रविवारी, त्यामुळे दरवर्षी दोन-तीन आठवडे सगळी गणिते एका तासाने चुकतात. त्या काळात कोणी ‘उशिरा’ आला तर त्याचा राग धरू नये.

दुसरी गोष्ट म्यूटवर बसणाऱ्यांविषयी. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढाच अवकाश जातो. दहा भाषांची तुलना करून २००९ साली हे दाखवले गेले आहे. कॉलवर आवाज पोहोचायलाच त्याहून अधिक वेळ लागत असेल तर दूरच्या माणसाला बोलायला फट सापडत नाही. तो तोंड उघडेपर्यंत तुमच्या खोलीतल्या कोणीतरी बोलायला सुरुवात केलेली असते. चार वेळा असे झाले की माणूस म्यूट काढायचाच थांबतो. आवाज उशिरा पोहोचत असताना समोरचा माणूस कमी लक्ष देणारा वाटतो, असेही २०१४ साली जर्मनीत झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे. दोष तारेचा असतो आणि तो माणसाच्या नावावर लागतो. सोपा उपाय म्हणजे पुकारा करून बोलणे: मीटिंग चालवणाऱ्याने नावे घेत जावे आणि दूरच्यांपासून सुरुवात करावी.

पॅचवाला

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण माझी बरीच वर्षे मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पांत गेली आहेत आणि तिथे कोणीच कोणाच्या मजल्यावर बसत नाही.

‘नेतृत्व सर्वांचे आहे, ज्याला योग्य वाटेल त्याने निर्णय घ्यावा’ असे तुम्ही जाहीर केलेत, आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. अधिकार मोघम वाटला की तो कोणाच्याच वाट्याला येत नाही. दूर बसलेल्या माणसाला आपण निर्णय घेतला तर खोलीत काय प्रतिक्रिया उमटेल याचा अंदाज नसतो, त्यामुळे तो सुरक्षित उत्तर देतो, ‘तुम्ही म्हणाल तसे.’ वाटायचे असतात ते निर्णय, नावानिशी आणि हद्दीसह. साचा कसा असावा हे अमुक ठरवील, चाचण्या पुरेशा झाल्या की नाही हे तमुक ठरवील, आणि त्या हद्दीत तुम्हीसुद्धा त्यांना विचारूनच बदल कराल, असे लिहून ठेवल्यावर नेतृत्व वाटले गेले असे म्हणता येते.

लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा, म्हणजे तिचे कर्नल, असेच चालते. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ते १९९१ साली सुरू केले, पण आज प्रत्येक उपविभागाला नाव लावलेले सांभाळणारे आहेत, ती नावे एका फाइलीत लिहिलेली आहेत, आणि बदल आधी त्यांच्याकडे जातो. कोणाकडे जायचे हे ओळखीवर अवलंबून नाही. नवा माणूससुद्धा फाइल उघडून नाव शोधतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची गोष्ट याहून बोधक आहे. गिडो व्हान रॉसम हे तिचे जनक आणि शेवटचा शब्द त्यांचा, अशी व्यवस्था जवळजवळ तीन दशके होती. एका वादग्रस्त प्रस्तावावरच्या दमवणाऱ्या चर्चेनंतर जुलै २०१८ मध्ये ते पायउतार झाले आणि उत्तराधिकारी नेमायला त्यांनी नकार दिला. जगभर विखुरलेल्या विकसकांनी काही महिने केवळ ‘आपण ठरवायचे कसे’ यावरच चर्चा केली, वेगवेगळे आराखडे लेखी मांडले, आणि डिसेंबरमध्ये मतदान करून पाच जणांची निवडून येणारी समिती पसंत केली. त्या आराखड्यातले दोन नियम मला फार आवडतात. एकाच कंपनीचे दोनपेक्षा अधिक सदस्य समितीत नसावेत, आणि समितीने आपला अधिकार शक्य तितका कमी वापरावा. पहिला नियम म्हणजे तुमच्या सहा जणांच्या खोलीवरचा उतारा आहे, असे समजायला हरकत नाही.

जुनी शाई यांनी मौनाविषयी लिहिले आहे त्यात भर घालतो. मौनाचा अर्थ ओळखायचा प्रयत्नच सोडून द्यावा आणि तो आधीच ठरवून टाकावा. अपाचे प्रतिष्ठान या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या प्रकल्पांत प्रस्ताव मांडताना मुदत सांगितली जाते, सामान्यतः ७२ तास. तेवढ्यात हरकत आली नाही तर ती संमती धरतात. बहात्तर तास एवढ्यासाठी की पृथ्वीवर कुठेही असलेल्या माणसाला एकदा झोपून, एकदा काम संपवून, एकदा विचार करून लिहिता यावे. आणि कोडमधल्या बदलांना नकार देणाऱ्याने तांत्रिक कारण द्यावेच लागते. कारणाशिवायचा नकार धरला जात नाही. तुमचे ‘हरकत असल्यास कळवावे’ हे वाक्य आणि ही पद्धत दिसायला सारखीच आहे. फरक एवढाच, की त्या वाक्यात मुदत नव्हती, हरकत कुठे लिहायची ते नव्हते, आणि हरकत आल्यास काम थांबेल हे आश्वासन नव्हते.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत लोक वर्षातून तीनदा प्रत्यक्ष भेटतात, मनसोक्त वाद घालतात, पण तिथे झालेला निर्णय सर्व सदस्यांच्या ईमेल-यादीवर पुन्हा मांडून पक्का करावा, असा त्यांचा १९९८ सालापासूनचा लेखी नियम आहे. खोलीतल्या चर्चेला बंदी नाही. खोलीत निर्णय संपत नाही, एवढेच.

एकटी खुर्ची

वरचे तीनही प्रतिसाद वाचले. चुकीचे त्यात काही नाही, तरीही वाचताना मी अस्वस्थ झाले, कारण तुमच्या टीममध्ये त्या ज्या घरून काम करणाऱ्या बाई आहेत त्यांच्या जागी मी साडेतीन वर्षे होते.

आमच्याकडे सगळे लेखी होते. प्रस्ताव लेखी, मुदती लेखी, निर्णयांची वही अद्ययावत. तरीही मी गप्प असे. माझी हरकत कायमची लेखी राहील, चुकीची ठरली तर सर्वांना कायमची दिसेल, आणि ती वाचताना लोकांचे चेहरे कसे होतात हे मला कधीच दिसणार नाही, ही भीती खोलीत बसणाऱ्यांना कळत नाही. एमी एडमंडसन यांनी १९९९ साली ज्याला मानसिक सुरक्षितता म्हटले, म्हणजे या लोकांमध्ये चूक झाली किंवा वेडगळ प्रश्न विचारला तरी आपली मान खाली जाणार नाही असा भरवसा, तो नियमावलीने तयार होत नाही. नियमावली त्याला जागा देते, इतकेच.

माझ्या बाबतीत बदल घडला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. आमच्या नव्या प्रमुखांनी एका मोठ्या चर्चेच्या आदल्या दिवशी मला फोन केला, व्हिडिओ नाही, साधा फोन. त्या म्हणाल्या, ‘उद्याच्या प्रस्तावात मला स्वतःला दोन ठिकाणी खात्री नाही. तिसरे ठिकाण तुम्हाला दिसते का?’ मला दिसत होते. दुसऱ्या दिवशी चर्चेत त्यांनी सुरुवातीलाच आपल्या दोन शंका सांगितल्या आणि तिसरी माझ्याकडून ऐकून घेतली. प्रमुखाने आधी स्वतःचे अज्ञान उघड केले, म्हणून मला माझे मत उघड करता आले. पुढे कित्येक महिने मी लेखी हरकती घेत राहिले, आणि त्या लिहिताना तो फोन माझ्या मनात असे.

सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी नव्वदीच्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम अभ्यासल्या. ही मुले एकमेकांना कधीच भेटली नव्हती, तरी काही टीममध्ये पहिल्या दिवसापासून विश्वास दिसला. काम सुरू होण्यापूर्वी माणसे एकमेकांशी उत्साहाने बोलली, कोणीतरी आपणहून पुढाकार घेतला, आणि पुढे उत्तरे नियमित, अपेक्षित वेळी येत राहिली, तिथे तो टिकला. पण असा झटपट बसलेला विश्वास ठिसूळ असतो, असेही त्यांनी म्हटले आहे. तुमच्याकडे तो तडकला आहे. तडकलेल्या विश्वासावर ७२ तासांची मुदत लावली तर ते तिघे पहिल्या प्रस्तावाला ७१व्या तासाला हरकत घेतील, आणि तुम्हाला तो डावपेच वाटेल.

म्हणून क्रम बदला, अशी विनंती आहे. आधी त्या नऊ दिवसांविषयी बोला. तुम्ही ‘चौकशी’ केलीत असे लिहिले आहे, पण ‘चूक आमच्या खोलीची होती, शंका ऐकूनही आम्ही ती टिपून घेतली नाही’ हे त्या तिघांना तुम्ही सांगितलेत का, याचा उल्लेख कुठे आढळला नाही. आणि तो कॅमेऱ्याचा आग्रह सोडून द्या. घरी बसलेल्या माणसाला त्यात आपुलकीपेक्षा हजेरी अधिक दिसते.

पॅचवाला

एकटी खुर्ची यांचा मुद्दा मान्य आहे, मी तो गृहीत धरून पुढे गेलो होतो. मात्र एक सावधगिरी सुचवतो. खासगी फोनने आत्मविश्वास येतो, पण निर्णयसुद्धा खासगी फोनवर होऊ लागले तर एका खोलीऐवजी अनेक लहान खोल्या तयार होतील. फोनवर शंका बोलाव्यात आणि त्या ग्रुपवर आणाव्यात, जसे तुमच्या प्रमुखांनी केले.

काठावरचा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, कारण नुसते ‘पटले’ म्हणून परत येणे योग्य वाटले नाही.

एकटी खुर्ची यांचा शेवटचा परिच्छेद वाचून मला दोन दिवस लिहवले नाही. मी ते सांगितले नव्हते. त्यानंतर मी त्या तिघांपैकी ज्याने जुन्या नोंदींचा प्रश्न काढला होता त्याला फोन केला आणि सांगितले. पलीकडे इतका वेळ शांतता होती की लाइन तुटली असे मला वाटले. मग तो म्हणाला, ‘त्या दिवशी मी ते वाक्य कॉलनंतर लिहूनही पाठवणार होतो. पण तुम्ही सगळे हसत उठलात, तेव्हा वाटले की मी काहीतरी बाळबोध विचारले.’ आम्ही कशाला हसलो होतो ते आमच्यापैकी कोणालाही आठवत नाही.

रोजची मीटिंग बंद केली. आठवड्यातून दोनदा भेटतो, सहाही जण आपापल्या टेबलावरून, आणि वेळ फिरती आहे. माझी पहिली पाळी रात्री साडेदहाची आली. तीन आठवड्यांत सहा वेळा तसे बसल्यावर त्या बाई दोन वर्षे कोणत्या वेळी आमच्याशी बोलत होत्या ते कळले. निर्णयांची यादी केली, तेव्हा असे दिसले की चौदापैकी अकरा निर्णय माझ्या नावावर होते आणि उरलेले तीन माझ्या शेजारी बसणाऱ्याच्या. साच्याचा निर्णय आता त्या तिघांकडे दिला आहे.

एक शंका उरली आहे. परवा त्यांनी साच्याविषयी पहिला निर्णय घेतला आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. घातक नाही, पण पुढे काम वाढवणारा आहे. वाटून दिलेला निर्णय चुकतो आहे असे दिसले तर मी काय करावे?

जुनी शाई

इतर सदस्य जे करतील तेच करावे. मुदतीच्या आत, ठरलेल्या जागी, कारण देऊन हरकत नोंदवावी, आणि ती मान्य झाली नाही तर त्यांच्या निर्णयाप्रमाणे काम करावे. ज्युलिया होख आणि स्टीव्ह कोझलॉव्स्की यांनी २०१४ साली १०१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यात टीम जितकी दूरस्थ तितका वरून खाली येणाऱ्या नेतृत्वाचा कामगिरीशी असलेला संबंध कमकुवत होत गेला, सदस्यांनी वाटून घेतलेल्या नेतृत्वाचा संबंध मात्र अंतराने घटला नाही. म्हणजे तुम्ही निर्णय परत घेतलात तरी दूरवर त्याचा जोर फारसा पोहोचणार नाही, परत घेतल्याची बातमी मात्र पोहोचेल.

काठावरचा

हरकत नोंदवली आहे. अजून ५१ तास शिल्लक आहेत. एकाने खाली विचारले आहे, ‘अरे, जुन्या नोंदींविषयीच म्हणतो आहेस ना?’ वरिष्ठांना प्रत गेलेली नाही.